झिजेचा हिशेब

साठीनंतर माणसानं घाम गाळू नये, असं माझं ठाम मत होतं आणि ते मी इतरांच्या गळी उतरवतही असे. अकोल्यात रसायनशास्त्र शिकवण्यात नोकरी गेली, त्यामुळे या मताला फळ्याचा आधार होता. फळ्यावर लिहिलेलं खोडायला सहसा कुणी उठत नाही. आता ते मत माझं राहिलेलं नाही. पण ते कसं गेलं हे सांगण्याआधी ते इतकं पक्कं का होतं, हे सांगितलं पाहिजे. ते आळशी माणसाचं निमित्त नव्हतं, आणि त्यातला काही भाग मी आजही सोडणार नाही.

मूळ मुद्दा साधा होता. श्वासातला प्राणवायू पेशींपर्यंत जातो आणि तिथं मायटोकॉन्ड्रियात अन्नाचं ज्वलन होतं. या ज्वलनात इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्या प्रथिनाकडे सोपवले जातात. मधेच एखादा निसटून प्राणवायूच्या रेणूला चिकटला की सुपरऑक्साइड तयार होतं. हा फ्री रॅडिकल. तो आणि त्याचं गणगोत पेशीच्या स्निग्ध आवरणावर, प्रथिनांवर, डीएनएवर तुटून पडतं. लोखंड गंजतं तसाच माणूस गंजतो, असं मी वर्गात सांगायचो, आणि मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची.

ही कल्पना १९५६ साली डेन्हॅम हार्मन या अमेरिकी संशोधकानं मांडली : म्हातारपण म्हणजे आयुष्यभर साचत गेलेली फ्री रॅडिकलची मोडतोड. हा गृहस्थ आधी शेल कंपनीत रसायनज्ञ होता, मग डॉक्टर झाला, त्यामुळे तो मला आमच्याच आळीतला वाटे. त्याच्याही आधी, १९२८ मध्ये, रेमंड पर्ल यानं लिहून ठेवलं होतं की जो प्राणी जितक्या वेगानं जगतो, तितक्या लवकर तो संपतो. आमच्या घरी हे सांगायला पर्लची गरज नव्हती. देवानं श्वास मोजून दिलेत, ते धावण्यात उधळू नका, असं आजी म्हणायचीच.

मग १९८२ साली बर्कली विद्यापीठातल्या केल्विन डेव्हिस आणि लेस्टर पॅकर यांच्या गटानं उंदरांना दमून पडेपर्यंत पळवलं आणि त्यांच्या स्नायूंत व यकृतात फ्री रॅडिकलचे संकेत दुपटी-तिपटीनं वाढलेले मोजून दाखवले. हे वाचलं तेव्हा माझ्या दृष्टीनं खटला निकाली निघाला. फळ्यावरचं गणित मला तोंडपाठ होतं. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण पाव लिटर प्राणवायू घेतो, जोरात पळणारा त्याच्या दहापट. जुन्या पुस्तकांत लिहिलेलं असे की त्यातला दोन ते पाच टक्के प्राणवायू वाटेत गळून फ्री रॅडिकल होतो. दहापट प्राणवायू, दहापट गळती, दहापट गंज. तरुणाकडे दुरुस्तीची यंत्रणा असते, म्हाताऱ्याची थकलेली. तेव्हा म्हाताऱ्यानं बसावं.

पुरावा रोज डोळ्यांसमोरही होता. अकोला कापसाचं गाव. बाजारात, जिनिंगमध्ये पोती आणि गठाणी वाहणारे हमाल मी लहान वयापासून पाहत आलो. त्यांच्याइतका व्यायाम कोणता पैलवान करतो? आणि पन्नाशीत त्यांची अवस्था काय असते? पाठ वाकलेली, गुडघे गेलेले, चेहरा माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. कापूस वेचणाऱ्या बायांचं तेच. व्यायामानं माणूस टिकत असता तर वऱ्हाडातले मजूर शंभरी गाठते, हे माझं हुकमी वाक्य होतं. त्यावर समोरचा गप्प बसे. वैद्य भेटला तर मी त्याला वाग्भट ऐकवी. बालकानं, वृद्धानं आणि अजीर्ण झालेल्यानं व्यायाम टाळावा, असं अष्टांगहृदयात स्पष्ट सांगितलेलं आहे. रसायनशास्त्र, बाजार आणि आयुर्वेद, तिन्ही माझ्या बाजूनं.

विरोधी पक्षात एकटे मामा.

मामा अमरावतीचे, आणि अमरावतीत वाढलेल्या माणसाला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ टाळता येत नाही. वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेली ही संस्था. तिच्या चमूनं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथं जाऊन कबड्डी, मल्लखांब अशी देशी प्रात्यक्षिकं दाखवली होती, हे अमरावतीचं पोर शाळेत जाण्याआधी ऐकतं. आम्ही नुसतं ‘हव्याप्र’ म्हणतो. मामा तिथल्याच मातीतले. सत्तरी उलटली तरी पहाटे बैठका आणि थोडे दंड, मग वडाळी तलावाकडे फेरी. मी सुट्टीत गेलो की त्यांना माझं गणित समजावून सांगायचो. ते लंगोट वाळत घालता घालता ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, “तुह्या हिशेबानं तं मी कवाचाच मेलो असतो ना बे!” मी म्हटलं, मामा, तुम्ही अपवाद आहात. अपवाद हा शब्द मास्तर लोकांना फार सोयीचा पडतो.

मी माझ्या मताप्रमाणे वागतही होतो. निवृत्तीनंतर चालणं जेवढ्यास तेवढं ठेवलं आणि गंजरोधक म्हणून औषधाच्या दुकानातून क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल आणून रोज घेऊ लागलो. त्यातलं रसायनशास्त्र बिनचूक होतं. ई जीवनसत्त्व स्निग्ध आवरणात बसून फ्री रॅडिकलला थोपवतं आणि क जीवनसत्त्व त्या ई ला पुन्हा कामावर पाठवतं. परीक्षानळीत हे दाखवता येतं. शरीरात काय होतं, हा प्रश्न मला पडला नव्हता.

खरं तर तो प्रश्न फिनलंडनं १९९४ सालीच विचारला होता. तिथं धूम्रपान करणाऱ्या २९ हजार पुरुषांना वर्षानुवर्षं बीटा-कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व देऊन पाहिलं. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी जास्त निघाला. हे मी वाचलं होतं. ते विडी-सिगारेटवाले, आणि मी बीटा-कॅरोटीन कुठं घेतो, असं म्हणून पान उलटलं होतं.

पान उलटता आलं नाही ते दुसऱ्या एका प्रयोगाचं. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. तिनं तो निबंध पाठवला आणि खाली लिहिलं, “सर, तुमच्या गोळीचं काय झालं ते बघा.” येना आणि लाइपझिग इथला, मिखाएल रिस्टो यांच्या गटाचा, २००९ सालचा हा अभ्यास. जवळजवळ चाळीस निरोगी तरुण चार आठवडे व्यायाम करतात. निम्म्यांना रोज एक हजार मिलिग्रॅम क आणि चारशे युनिट ई जीवनसत्त्व, म्हणजे जवळपास माझाच खुराक. निम्म्यांना तो नाही. चार आठवड्यांनी पाहिलं तर गोळी न घेणाऱ्यांच्या शरीरात इन्सुलिनचं काम सुधारलं होतं, आणि सुपरऑक्साइडला निकामी करणारी त्यांची स्वतःची विकरं बनवणारी जनुकं जास्त जोमानं चालत होती. गोळी घेणाऱ्यांत या दोन्ही गोष्टी झाल्या नाहीत. घाम दोघांनी सारखाच गाळला होता.

मी तो निबंध चिडून वाचला, हे कबूल करतो. नमुना लहान, सगळे तरुण, चारच आठवडे, असे नेहमीचे आक्षेप काढले. मग व्हॅलेन्सियातलं २००८ सालचं काम हाती आलं. तिथं क जीवनसत्त्वामुळे सरावानं होणारी नव्या मायटोकॉन्ड्रियांची वाढ खुंटलेली दिसली. नॉर्वेतल्या २०१४ च्या प्रयोगानं गोळीला थोडी सूट दिली. अकरा आठवड्यांनंतर दोन्ही गटांचा दम सारखाच वाढला, पण गोळी घेणाऱ्यांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियांच्या खुणा मागं राहिल्या. म्हणजे गोळी सगळ्यावर पाणी फिरवते असं नाही. पण ती राखण करते हा माझा दावा उरला नाही. फ्री रॅडिकल विझवले की फायदाही विझतो, याचा अर्थ फायद्याची सुरुवात त्यांच्यापासूनच होत असली पाहिजे.

मग मी माझ्या गणिताकडे वळलो, आणि तेही सडकं निघालं. ते दोन ते पाच टक्के पेशीतून बाहेर काढलेल्या मायटोकॉन्ड्रियांना भरपूर प्राणवायू आणि खुराक देऊन काढलेले होते. शरीरातल्या परिस्थितीच्या जवळ जाऊन मोजलं तर गळती एका टक्क्याच्याही बरीच खाली येते. शिवाय मायटोकॉन्ड्रिया जोरात कामाला लागले की गळतीचं प्रमाण उलट घटतं, कारण इलेक्ट्रॉन रेंगाळत नाहीत. काम करणाऱ्या स्नायूत फ्री रॅडिकल वाढतात हे खरंच, पण ते मुख्यतः पेशीच्या आवरणाजवळची विकरं मुद्दाम तयार करतात. ज्याला मी अपघाती गळती समजत होतो, त्यातली बरीचशी शरीरानं स्वतः सोडलेली होती. कितीएक तुकड्यांना मी हे दहापटीचं गणित शिकवलं.

पण मला खरं पटवलं ते गंधकानं. जपानमध्ये मासायुकी यामामोतो यांच्या गटानं १९९७ ते १९९९ या काळात जे उलगडायला घेतलं, ते मी निवृत्तीनंतर सावकाश वाचलं. पेशीत एनआरएफ-२ नावाचं एक प्रथिन असतं. कीप-१ नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि सतत विल्हेवाटीला पाठवत राहतं, म्हणून एरवी ते साचत नाही. या कीप-१ वर गंधक असलेले सिस्टीनचे अणुगट आहेत. गंधकाला ऑक्सिडीकरण पटकन बाधतं, हे अकरावीच्या पोरालाही ठाऊक असतं. फ्री रॅडिकलची पिलावळ तिथं पोचली की कीप-१ ची पकड सैल होते, एनआरएफ-२ केंद्रकात जातं आणि एकाच वेळी कितीतरी जनुकं चालू करतं. ग्लुटाथायोन तयार करणारी, विषारी रेणू निकामी करणारी, लोह सांभाळणारी. बाहेरच्या गोळीतला रेणू एका फ्री रॅडिकलला थोपवून संपतो. आत तयार झालेलं एक विकर मात्र सेकंदाला लाखो रेणू निकालात काढू शकतं. मी आयुष्यभर उत्प्रेरक शिकवले आणि हा फरक माझ्या लक्षात आला नाही!

आता वयाचा प्रश्न. माझा शेवटचा मोर्चा इथं होता : हे सगळं तरुणांचं, म्हाताऱ्याची ही यंत्रणा चालते कुठं? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. ॲरिझोनात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तरुण आणि वयस्क पुरुषांना अर्धा तास सायकल मारायला लावली. तरुणांच्या रक्तपेशींत एनआरएफ-२ केंद्रकात शिरलं, वयस्कांत ते नीट शिरलं नाही. संकेत मिळतो, पण दार जड झालेलं असतं. आधीचा मी इथंच थांबलो असतो. पण त्याच भागात आणखी एक परीक्षा झाली होती. दंडाला पट्टा आवळून हातातला रक्तप्रवाह थोडा वेळ थांबवायचा आणि मग सोडायचा. रक्त परत येतं तेव्हा फ्री रॅडिकलचा लोंढा सुटतो, आणि त्यानं केलेल्या मोडतोडीच्या खुणा, आयसोप्रोस्टेन, रक्तात मोजता येतात. ज्या वृद्धांचा दम चांगला होता त्यांच्यात या खुणा कमी चढल्या. एकाच वयाची माणसं, एकाच तऱ्हेचा धक्का, पण सोसण्याची ताकद निराळी. चरकानं व्यायामाच्या फळांत कष्ट सहन करण्याची शक्ती गणली आहे, ती माझ्या वैद्य मित्रानं मला नंतर दाखवली. वाग्भट ऐकवताना मी चरक गाळला होता.

बसण्याचा हिशेबही मी कधी मांडला नव्हता. डॅलसमध्ये १९६६ साली विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं. त्यांचा दम जवळजवळ सव्वीस-सत्तावीस टक्क्यांनी उतरला. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा तीन आठवड्यांच्या लोळण्यानं जेवढं नेलं होतं तेवढं तीस वर्षांच्या वयानंही नेलेलं नव्हतं. सहा महिन्यांच्या सरावानं ते पन्नाशीतले गृहस्थ आपल्या विशीतल्या आकड्याला परत पोचले. हे वाचल्यावर मी आरामखुर्ची विकली नाही, पण तिच्याकडे बघण्याची नजर बदलली.

काय सोडलेलं नाही तेही सांगतो. व्यायामानं आयुष्य वाढतं असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांत मी अजून नाही. जॉन हॉलोझी यांनी १९८० च्या दशकात उंदरांना चाकावर हवं तेवढं पळू दिलं. त्यांचं सरासरी आयुष्य वाढलं, पण सर्वांत दीर्घायुषी उंदराची मर्यादा काही पुढं सरकली नाही. नॉर्वेतल्या ट्रोनहाइम शहरात सत्तर ते सत्त्याहत्तर वयाच्या दीड हजारांवर लोकांना पाच वर्षं अभ्यासलं. देखरेखीखाली व्यायाम करणारे आणि नुसता सरकारी सल्ला ऐकणारे यांच्या मृत्यूंत ठळक फरक निघाला नाही. तुलनेतले लोकही भरपूर चालणारे होते, हे त्याचं एक कारण. हार्मनचा सिद्धांतही आता पूर्वीच्या रुबाबात उभा नाही. उंदरांत ही संरक्षक विकरं कमी-जास्त करून पाहिली, बहुतेक वेळा आयुष्याचा आकडा हललाच नाही. तेव्हा ‘व्यायाम करा, शंभर वर्षं जगा’ असं बाकड्यावर बसून सांगणाऱ्यांशी माझं आजही पटत नाही. मामांशी आता पटतं, कारण त्यांनी आयुष्य वाढवण्याची भाषा कधी केलीच नव्हती. त्यांना फक्त पायऱ्या चढायच्या असतात.

गोळ्या बंद केल्या. आवळा चालू आहे, आवडतो म्हणून. कृषी विद्यापीठाच्या आवारात पहाटे झपाझप चालतो, घरी खुर्चीवरून हात न टेकता उठबस करतो, आणि अंग जड वाटलं तर दुसऱ्या दिवशी चक्क सुट्टी घेतो. मामांच्या मते ही सुट्टी म्हणजे मास्तरकी. पण संरक्षक विकरं कसरत चालू असताना तयार होत नाहीत, ती नंतरच्या तासांत होतात, हे मी त्यांना समजावलं आहे. यावर आमचा वाद चालू आहे.

आणि हमाल? हाच मुद्दा मला सर्वांत जास्त दिवस अडवून राहिला, कारण मी पाहिलेलं खोटं नव्हतं. हे लोक खरंच लवकर म्हातारे होतात. संशोधकांनाही हे दिसलेलं आहे. २०१८ साली जवळजवळ दोन लाख लोकांच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण झालं, त्यात कष्टाची नोकरी करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त आढळलं, तर फुरसतीत केलेल्या हालचालीचा लाभ इतर अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतो. गरिबी, विडी आणि कष्ट यांची वजनं वेगळी काढणं अवघड आहे, म्हणून या आकड्यावर तिकडं भांडण चालू आहे. पण आपल्या बाजारात उभं राहिलं की यंत्रणा समजायला अडचण पडत नाही. मामा बैठका मारतात त्या थांबण्यासाठी. दम लागला की थांबतात, अंग पुसतात, दूध पितात, दुपारी झोपतात. हमालाला पहिल्या पोत्यानं मिळालेल्या संकेताला शरीर उत्तर देण्याआधी दुसरं पोतं पाठीवर येतं. जिनिंगमधली रुईची धूळ, तोंडात खर्रा, पोटात अर्धी भाकर, रात्री पत्र्याखाली उकाड्यात अपुरी झोप. फ्री रॅडिकल दोघांच्याही अंगात निघतात. त्यांच्या मागून दुरुस्ती यायला लागते ती सवड फक्त एकालाच मिळते. मी बाजारातल्या माणसाकडे बोट दाखवून व्यायामाला दोष देत होतो, आणि त्याच्याकडून काढून घेतलेल्या विश्रांतीचा हिशेब मांडत नव्हतो.

वाग्भटाकडेही मग पुन्हा गेलो. व्यायाम अर्ध्या शक्तीनं करावा, तोही बलवान आणि स्निग्ध आहार मिळणाऱ्या माणसानं, थंडीत आणि वसंतात, इतर काळी त्याहून कमी, असं तो सांगतो. वृद्धाला मनाई करणाऱ्या जागेपासून हे फार दूर नाही. मी माझ्या कामाचं तेवढं उचललं होतं. वृद्धांपुरतं मी आता वाग्भटाचं ऐकत नाही. पण अर्धी शक्ती, पोटभर खाणं आणि ऋतू या त्याच्या तीन अटींपैकी एकही आमच्या हमालाच्या वाट्याला येत नाही.

अकोल्याचा मे महिना पंचेचाळीस अंशांच्या वर जातो. २०२४ साली तर जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हासाठी जमावबंदीचं कलम १४४ लावलं आणि कामगारांना पाणी, सावली द्यायला मालकांना बजावलं. चहाच्या टपरीवर त्याची थट्टा झाली, ऊन आता जमाव करून येतं का म्हणून. मीही हसलो. मग घरी येऊन तो आदेश पुन्हा वाचला. मी दहा वर्षांत जे वाचून शिकलो होतो, त्यातलं बरंचसं त्यात सरकारी भाषेत होतंच. आदेशाची मुदत २५ ते ३१ मे.